खोक्यातला शनिवार

गुड फ्रायडेच्या संध्याकाळी धाकट्याने येशूला बुटांच्या खोक्यात पुरलं.

येशू म्हणजे त्याच्या खेळण्यातल्या ट्रकचा ड्रायव्हर. बोटाएवढा प्लॅस्टिकचा माणूस, डोक्यावर न निघणारी पिवळी टोपी. दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत, येशूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर एकामागून एक मनन चाललेलं असताना, धाकटा माझ्या पायाशी बसून या ड्रायव्हरला बाकाच्या कडेवरून चालवत होता. पाचवा उद्गार 'मला तहान लागली आहे' हा. तो वाचला गेला तेव्हा खालून स्पष्ट आवाज आला, "मलापण." पुढच्या दोन बाकांवरचे खांदे हलले. मी त्याला पाणी दिलं आणि ठरवून टाकलं की याचं आज कशाकडेच लक्ष नाही.

घरी आल्यावर त्याने माझा एक पांढरा रुमाल मागून घेतला. ड्रायव्हरला त्यात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं, खोकं कुशीवर उभं केलं, त्याला आत निजवलं, झाकण दारासारखं लावलं आणि कुंडीतला एक बऱ्यापैकी जड गोटा आणून दाराशी टेकवला. धोंड. मग सगळ्यांकडे बघून जाहीर केलं, "रविवारी उघडायचं. तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

साडेचार वर्षांच्या पोराने एवढं सगळं टिपलेलं पाहून मला भरून आलं. फोटो काढून दोन्ही आजींना पाठवला. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर मात्र पोटात गोळा आला. रविवारी तो खोकं उघडणार. गोष्टीत त्या दिवशी कबर रिकामी असते. खोक्यात ड्रायव्हर असणार.

मी 'उपासना' म्हणणाऱ्या प्रोटेस्टंट घरात वाढले, नवरा 'मिस्सा' म्हणणाऱ्या कॅथलिक घरात. लग्नाआधी यावर आम्ही पुरेसं भांडून घेतलं, मुलं झाल्यावर भांडायला वेळ उरला नाही. आता ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात दोन्हीकडे हजेरी असते. मुलांची तक्रार नाही. झावळ्यांच्या रविवारी झावळ्या दोनदा मिळतात.

माझ्या आईच्या घरी भिंतीवर नुसता लाकडी क्रूस आहे. सासूबाईंच्या घरच्या क्रूसावर येशू आहे, खिळ्यांसकट, बरगड्यांसकट. गेल्या वर्षी आईच्या घरी जेवता जेवता धाकट्याने मान वर करून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "या आजीचा येशू उतरला. त्या आजीचा अजून उतरायचाय." आईने माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. सासूबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

सासूबाईंचा तो क्रूस भिंतीवर आहे म्हणून एक प्रश्न मला कधी पडलाच नाही, लहान मुलांना शुक्रवार सांगायचा की नाही हा. त्यांनी तो आधीच पाहिलेला असतो. पण मुलांसाठीच्या कितीतरी चित्रमय ईस्टर-पुस्तकांत मी एक उडी पाहते. गाढवावरून येणारा येशू आहे, झावळ्या आहेत, शेवटचं भोजन आहे, आणि पान उलटलं की सूर्य उगवलेला, फुलं फुललेली, येशू हसतोय. मधली पानं चिकटलीत की काय असं वाटावं. या उडीच्या मी विरुद्ध आहे. मुलं भोळी असतात, बावळट नसतात. कुणी मेलंच नसेल तर तो एवढा मोठा दगड कशाला, हे त्यांना लगेच खटकतं.

मी धाकट्याला इतकंच सांगितलं होतं: काही मोठी माणसं येशूवर चिडली होती, त्याला घाबरतही होती, म्हणून त्यांनी त्याला मारून टाकलं. त्याची आई तिथेच उभी होती. खिळे, भाला, काटे यांतलं काही मी आपणहून काढलं नाही. त्याने विचारलंही नाही. त्याने विचारलं ते आईबद्दल.

"ती पळून नाही गेली?"

"नाही."

"रडली?"

"रडली असेल."

"तू पण उभी राहशील?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

मोठी आठ वर्षांची आहे. तिला क्रूसापेक्षा पेत्र जास्त लागतो. कोंबडा आरवायच्या आधी तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणारा येशूचा शिष्य पेत्र. शुक्रवारी उपासनेहून परत येताना ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "शाळेत मी पण एकदा एका मुलीला ओळखत नाही असं केलं होतं." कोण मुलगी, कधी, काही सांगितलं नाही. मीही खोदलं नाही.

शनिवारी सकाळी सहाला मी उठले तेव्हा धाकटा खोक्यासमोर उकिडवा बसलेला. दगडाला हात न लावता, कान झाकणाशी.

"आई, आज येशू काय करतो?"

या प्रश्नाला मी तयार नव्हते. रविवारची तयारी आपण खूप करतो, शुक्रवारचीही थोडीफार. शनिवार म्हणजे इस्त्री, अंडी, उद्याचे कपडे. शुभवर्तमानांतही, म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्या नावाच्या येशूच्या चार चरित्रांतही, शनिवारबद्दल अगदी थोडं आहे. मत्तय सांगतो की त्या दिवशी कबरीवर शिक्का मारून पहारा बसवला. लूक सांगतो की स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं तयार करून ठेवली आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, म्हणून त्या स्वस्थ राहिल्या. बस. उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या प्रेषितांच्या विश्वासांगीकारात 'अधोलोकात उतरला' एवढे शब्द आहेत, ते मी वर्षानुवर्षं श्वास न घेता म्हणून टाकत आलेय.

शेवटी फोनवर त्याला एक चित्र दाखवलं. इस्तंबूलच्या एकेकाळच्या खोरा चर्चमधलं (आता तिथे मशीद आहे), चौदाव्या शतकातलं भित्तिचित्र. येशू पांढऱ्या कपड्यांत, पायांखाली मोडून पडलेली दारं, आणि दोन्ही हातांनी तो आदाम आणि हव्वेला त्यांच्या शवपेट्यांतून बाहेर खेचतोय. त्याने त्यांचे हात धरलेले नाहीत, मनगटं धरलीत, रस्ता ओलांडताना मी धाकट्याचं धरते तशी. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ईस्टरचं मुख्य चित्र हेच, कबरीतून बाहेर येणाऱ्या येशूचं नव्हे. चित्राच्या तळाशी अंधारात कुलपं, किल्ल्या, बिजागऱ्या विखुरलेल्या आहेत. धाकट्याने फोन ओढून घेतला आणि त्या कुलपांवर बोट ठेवून मोजायला लागला. येशूकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं असावं, कारण नंतर दिवसभरात जो कुणी घरी आला त्याला तो सांगत होता, "आज येशू कुलपं तोडतो."

मोठीचं वेगळंच चाललं होतं. तिने बोटं मोजली आणि माझ्याकडे आली. शुक्रवारी दुपारी तीन ते रविवारी पहाट म्हणजे चाळीस तासही होत नाहीत. मग तीन दिवस कसे? तिला सांगितलं की यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि दिवसाचा तुकडासुद्धा पूर्ण दिवस धरायची पद्धत होती. शुक्रवारचा तुकडा एक, शनिवार दोन, रविवारचा तुकडा तीन. तिने तोंड वाकडं केलं. "म्हणजे शाळेला अर्धी सुट्टी मिळाली तरी पूर्ण दिवस भरला असं."

अगदी तसंच, म्हटलं.

मग अंडी. आमच्याकडे शनिवार दुपार त्यांचीच. कांद्याच्या सालांचं पाणी उकळलं की अंडं तांबूस होतं, हळदीत पिवळं. खरी मजा लाल कोबीची. पाणी जांभळं आणि बाहेर येतं ते निळं अंडं, मोठी दरवर्षी तितकीच चकित होते. पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं की कवचावर बारीक बुडबुडे येतात. कवच चुनखडीचं, आम्लाने ते थोडं झिजतं आणि रंग नीट धरतो. व्हिनेगर जास्त पडलं तर कवच खरखरीत होतं, हे धाकट्याने बाटलीच उपडी केली त्या वर्षी कळलं.

'अंड्याचा आणि येशूचा काय संबंध' असं मला एका बाईंनी जरा कुचकटपणेच विचारलं होतं. कबर, कवच, नवा जीव, हे सगळं बोलायला छान आहे. पण मला त्यामागचा घरगुती हिशेब जास्त आवडतो. मध्ययुगात युरोपात चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना उपवास कोण सांगणार? त्या घालतच राहायच्या. ईस्टरपर्यंत घरोघरी अंड्यांची रास साठायची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ईस्टरला वाटण्यासाठी रंगवलेल्या, सोनेरी वर्खाच्या साडेचारशे अंड्यांचा खर्च अठरा पेन्स असा टिपलेला आहे. सशाची गोष्ट त्या मानाने अलीकडची. अंडी आणणाऱ्या सशाचा लेखी उल्लेख १६८२ मध्ये एका जर्मन डॉक्टरच्या लिखाणात सापडतो, आणि डॉक्टरसाहेबांना चिंता होती ती मुलं अंडी खाऊन पोट बिघडवतात याची.

आमच्या घरी ससा आहे, पण तो खेळातला आहे हे मुलांना पहिल्यापासून माहीत आहे. अंडी आई लपवते, ससा फक्त नावाला. याने गंमत कमी होत नाही. दोन मुलांत जोरदार मारामारी होईल एवढी गंमत उरते. म्हणून रंग वाटून दिले आहेत, निळी मोठीची, पिवळी धाकट्याची, तांबडी ज्याला सापडतील त्याची. आणि कुठे किती लपवली ते मी कागदावर लिहून ठेवते. एका वर्षी लिहिलं नव्हतं. तीन आठवड्यांनी पुस्तकांच्या कपाटामागून जो वास आला, त्यावर जास्त लिहीत नाही.

संध्याकाळी नवरा मोठीला घेऊन रात्रीच्या जागरण-मिस्साला निघाला. पायऱ्यांवर ती थांबून म्हणाली, "माझा वाढदिवस एका तारखेला असतो. ईस्टर का पळतो?"

चंद्रामुळे, म्हटलं. ३२५ साली निकेयाच्या धर्मसभेत सगळ्यांनी एकाच रविवारी ईस्टर पाळावा असं ठरलं. त्यातून जो नियम रुळला तो असा: एकवीस मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. म्हणून ईस्टर बावीस मार्च ते पंचवीस एप्रिलच्या मध्ये कुठेही येतो. पूर्वेकडची मंडळी जुन्या पंचांगाने गणित करतात, त्यामुळे त्यांचा ईस्टर बहुधा वेगळा पडतो, तरी २०२५ मध्ये दोघांचा एकाच दिवशी, वीस एप्रिलला आला होता. मुळात यहुद्यांचा वल्हांडण सण पौर्णिमेचा, आणि येशूला धरलं ते त्याच सणात, म्हणून त्याला बागेत धरलं त्या रात्री आकाशात भरलेला चंद्र असणार.

मोठी जागची हलली नाही. "मग शिपायांनी मशाली कशाला आणल्या?"

तीस-एक वर्षं हा उतारा ऐकतेय, मला कधी सुचलं नव्हतं. नवऱ्याने घड्याळ दाखवलं. "जैतुनाच्या झाडाखाली अंधार असतो," असं म्हणून त्याने तिला हाताला धरून नेलं. उत्तर बरं होतं. त्याला ते आयत्या वेळी सुचलं, हे त्याने मागाहून कबूल केलं.

घरात मी, झोपलेला धाकटा आणि खोकं.

करायचं काय ते सोपं होतं. ड्रायव्हर काढायचा, रुमाल तसाच ठेवायचा, दगड वीतभर सरकवायचा. दोन मिनिटांचं काम. सकाळी त्याने खोकं रिकामं पाहिल्यावर त्याचं तोंड कसं दिसेल, हे मला आत्ताच दिसत होतं. ड्रायव्हर कुठे ठेवायचा तेसुद्धा ठरवलं होतं, खिडकीत, उन्हात, हात वर करून. अशी संधी एखाद्या आईला किती वेळा मिळते?

फरशीवर बसले. दगडाला हात घातला. आणि मत्तय आठवला.

मत्तयात पहारेकऱ्यांची गोष्ट आहे. कबर रिकामी झाल्यावर ते शहरात जाऊन मुख्य याजकांना सगळं सांगतात. याजक त्यांना पैसे चारतात आणि पढवतात, असं सांगा की आम्ही झोपलो असताना त्याच्या शिष्यांनी रात्री येऊन त्याला चोरून नेलं.

रात्रीचे अकरा वाजले होते. पहारेकरी पिवळ्या पांघरुणात घोरत होता. आणि शिष्या दगडाला हात लावून बसली होती.

मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. मध्ययुगात काही ठिकाणी ईस्टरच्या उपदेशात लोकांना मुद्दाम हसवायची रीत होती, मरणाची फजिती झाली म्हणून. ती इतकी बोकाळली की १५१८ मध्ये एका धर्मसुधारकाने तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. त्या रात्री मी त्या हसणाऱ्यांच्या बाजूने होते.

हसू ओसरल्यावर बराच वेळ तिथेच बसले. धाकटा एक दिवस नऊ वर्षांचा होईल. मग त्याला आठवेल, खोकं, दगड, खिडकीतला ड्रायव्हर, आणि तो सरळ हिशेब करेल: आईने काढला होता. ससा गेला तर ससाच जातो. हे गेलं तर त्याच्याबरोबर काय काय जाईल, याचा अंदाज मला करवेना.

आणि मग एक गोष्ट ध्यानात आली, जी माहीत होती पण कधी अशी समोर येऊन बसली नव्हती. चारही शुभवर्तमानांत येशू उठतानाचा क्षण कुणीच लिहिलेला नाही. मरण तासातासाने लिहिलंय. पुरणं लिहिलंय, कापड कुणी आणलं तेही. त्यानंतर थेट रविवारची पहाट, दगड सरकलेला, आणि उशिरा पोचलेली माणसं. मग्दालिया मरीया या शिष्येला तो माळी वाटतो. पेत्र आणि दुसरा शिष्य धावत येतात. मार्कमध्ये बायका वाटेत एकमेकींना विचारत असतात, आपल्यासाठी दगड कोण लोटेल? म्हणजे उत्तर नसतानाच निघाल्या होत्या. मार्कच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या, गोष्ट संपते ती त्या बायका थरथरत पळून जातात आणि भीतीने कुणाला काही सांगत नाहीत तिथे. त्या चौघांना तो क्षण रंगवायचा मोह झाला नसेल का? लिहिता येत होतं की त्यांना.

मी दगडावरचा हात काढला. फार श्रद्धेने वगैरे नाही. उद्या सकाळी काय होईल या धास्तीने पोट दुखतच होतं.

साडेअकराला बापलेक परतले. मोठीच्या फ्रॉकवर मेणाचे ओघळ, डोळे अर्धे मिटलेले. जुन्या करारातल्या तिसऱ्या वाचनाला ती झोपली होती, पण अंधारात पेटवलेला विस्तव तिने पाहिला होता, आणि ती मोठी मेणबत्ती, जिच्यावर अल्फा, ओमेगा ही ग्रीक अक्षरं आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरतात. "आई, गाण्यात मधमाश्या आल्या," ती म्हणाली. खरं आहे, त्या मेणबत्तीच्या प्राचीन स्तुतिगीतात मेण करणाऱ्या मधमाश्यांची आठवण काढतात. एवढं सांगून ती बूट न काढता आडवी झाली.

नवऱ्याने खोक्याकडे पाहिलं. "काढलास?"

"नाही."

"मग उद्या?"

"बघू."

पहाटे पाचला आम्ही सगळे कब्रस्तानात. पहाटेची उपासना कबरींमध्ये करायची ही प्रथा मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाची. १७३२ मध्ये जर्मनीतल्या हेर्नहूट गावचे तरुण ईस्टरच्या पहाटे टेकडीवरच्या कब्रस्तानात गाणी म्हणत गेले, तिथून ती पसरली. मुलांना एवढ्या लवकर उठवणं हा छळ आहे, असं मी दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी उठवते. त्यांना तिथे भीती वाटत नाही. अंधारात मेणबत्त्या, दगडांवरून उड्या, आणि दिवस फुटताना सगळ्यांनी मिळून ओरडायचं: "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" वर्षात हा एकच दिवस असा की उपासनेत जितका मोठ्याने ओरडाल तितकं चांगलं. धाकट्याने 'खरोखर' असं म्हटलं की शेजारच्या झाडावरचे पक्षी उडाले.

उपासना झाल्यावर आम्ही माझ्या वडिलांपाशी गेलो. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आई फुलं लावत होती. धाकट्याने दगडावर तळहात ठेवून तो ढकलून पाहिला.

"आजोबांचा दगड कोण लोटणार?"

"येशू," मी म्हटलं.

"कधी?"

"शेवटी."

"शेवटी म्हणजे मे महिन्यात?"

मी शब्द शोधत होते, तोवर मोठी म्हणाली, "अरे, आजोबांचा अजून शनिवार आहे."

आईचे हात फुलांवर थांबले. थोड्या वेळाने पुन्हा चालू झाले.

घरी आलो तर सरळ अंडी. खोकं विसरलं गेलं. मी तासभर श्वास रोखून होते आणि तो भाबडा पोरगा सोफ्याखाली पिवळी अंडी शोधत पालथा पडला होता. दुपारी चॉकलेट, मग भांडण, मग झोप. संध्याकाळी दोन्ही आजी आल्या, एकमेकींशी फार गोड बोलल्या. रात्री मी खोक्यावरून झाडू फिरवला आणि त्याला काही आठवण करून दिली नाही. हा भित्रेपणाच होता, दुसरं नाव देत नाही.

सोमवारी रंगीत कवचं कचऱ्यात गेली आणि घर नेहमीसारखं झालं. हे मला दरवर्षी टोचतं. रविवार सोडून मोजले तर उपवासाचे चाळीस दिवस, त्यांत मुलांना गोड सोडायला लावतो, दानाची पेटी भरायला लावतो, भिंतीवर तक्ता लावून खुणा करतो. आणि त्यानंतरचे पन्नास दिवस, पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंतचे, जे आनंदाचे म्हणून सांगितलेत, ते सोमवारी दुपारीच संपतात. दुःखाचं वेळापत्रक आपल्याला जमतं. यंदा मी तक्ता काढला नाही, उलट्या बाजूने लावला, पन्नास चौकोन आखून. रोज एक छोटीशी चैन. कुणालाही फोन लावणं, रात्री अंगणात जेवणं, शाळेच्या दिवशी गोष्टीचं एक पान जास्त. अकरा चौकोन भरले, मग मीच विसरायला लागले. मोठी आठवण करते.

तेविसाव्या अध्यायापर्यंत लूक झाल्यावर त्या आठवड्यात आम्ही रात्री योहान वाचायला घेतला. कबरीकडे धावतानाची शर्यत त्यांना फारच आवडते, पेत्र मागे पडतो ती. आत रुमाल वेगळा ठेवलेला सापडतो, तिथे मी माझा डाव साधला. बघा, उठल्यावर आपली चादर नीट घडी करून ठेवावी. मोठीने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, ओळीवर बोट ठेवलं. "घडी नाही लिहिलंय. गुंडाळलेला लिहिलंय." तेव्हापासून दोघांच्या चादरी गुंडाळलेल्या असतात आणि मला काही बोलता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर ट्रक फरशीवरून घरघरत होता, मग थांबला.

"ड्रायव्हर कुठाय?" धाकट्याने स्वतःलाच विचारलं.

मी गॅस बारीक केला आणि दाराशी आले. तो खोक्यापाशी गेला. गोटा दोन्ही हातांनी बाजूला केला. झाकण काढलं. आत तो होता, तसाच, रुमालात. धाकट्याने रुमाल सोडला, पिवळी टोपी बाहेर आली. त्याने ड्रायव्हरकडे जरा वेळ पाहिलं. मी तोंडात तयार ठेवलेली सगळी वाक्यं विसरले.

"चल," तो म्हणाला, रोज सकाळी मी शाळेच्या वेळी म्हणते अगदी त्या सुरात, "उशीर झाला." आणि त्याला ट्रकमध्ये बसवून बैठकीतून निघून गेला.

रुमाल फरशीवर पडला होता. मोठीने जाता जाता तो उचलला आणि गुंडाळून खोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवला.

खोकं आता ट्रकचं गॅरेज आहे. रात्री झोपायच्या आधी तो दाराशी दगड लावतो. सकाळी उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी, लोटतो.